आत जाणारी गळती

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, सकाळी सारं गाव डोक्यावर टोपल्या घेऊन रानात जेवायला निघालं होतं. दस्तगीर मात्र नीलम्माच्या ट्रॅक्टरखाली उताणा पडून वर्तमानपत्र न्याहाळत होता. लातूरच्या कोचिंग क्लासची पानभर जाहिरात होती ती. शे-दीडशे पोरापोरींचे चेहरे आणि खाली प्रत्येकाचे मार्क.

औशात फिटरकाम करताना चाळीस वर्षं त्यानं एकच रीत पाळली होती. पाइप जोडले की खाली पेपर अंथरायचा आणि इंजिन चालू करायचं. डाग पडेल तिथं गळती. आज एकाही चेहऱ्यावर डाग नव्हता.

"मामू, काय दिसलं?" नीलम्मानं वरून विचारलं.

"पोरं हुशार दिसायलीत," तो म्हणाला. "तेल काही दिसत न्हाई."

ट्रॅक्टरला नवं यंत्र बसवलं होतं. ते आभाळातल्या उपग्रहांना वाट विचारायचं आणि तेलाच्या दाबानं पुढची चाकं आपोआप वळवायचं. कंपनीची माणसं पडदा लावून गेली, पाइप दस्तगीरनं जोडले. पण ट्रॅक्टर सरळ जाईना. चाकं उशिरा वळत, मग जास्तच वळत, मग उलटीकडे. नांगरून सपाट केलेल्या काळ्या रानात कालच्या चाकोऱ्या नागमोडी उमटल्या होत्या.

"वैनी, ऊस लावायचा का सापशिडी खेळायची?" बांधावरून सिद्धेश्वर म्हणाला. हा नीलम्माचा दीर. नवरा गेल्यापासून ती रान स्वतः करत होती, पण डाव्या हातात जोर नव्हता. एकाच हातानं स्टिअरिंगचं चाक धरायचं आणि फाळ उचलायचा दांडाही ओढायचा, तर सरी वाकडी व्हायची. येळवशीपर्यंत ट्रॅक्टर सरळ चालला तर रान तिचं तिनं करावं, नाही तर यंदापासून सिद्धेश्वरनं बटईनं, निम्म्या वाट्यावर, करावं, असं चार माणसांत ठरलं होतं. तिनंच हो म्हटलं होतं.

तो हात किल्लारीच्या भूकंपात चिरडला होता. तेव्हा ती आठ वर्षांची होती. पडलेल्या घराच्या दगडाखालून दस्तगीरनं तिला काढलं, तेही मोटारीच्या तेलाच्या जॅकनं. सुरुवातीला दांडी दह्यात बुडाल्यासारखी खाली जाई आणि दगड हलत नसे. जॅकमध्ये हवा शिरली होती. त्यानं स्क्रू सैल करून हवा काढली, आणि मग पाच माणसांना न हललेला दगड एका माणसाच्या हातानं अंगठा-अंगठा वर आला. त्या दिवसापासून तेलाविषयी त्याच्या मनात एक अदब होती. तेल दाबलं जात नाही, दिलेला जोर जसाच्या तसा पुढं पोचवतं. हवा मात्र मधेच गिळून टाकते.

म्हणून इथंही त्यानं आधी हवाच काढली. दोनदा. दोन्ही वेळा ती परत आली. दाबाच्या घड्याळाचा काटा थरथरत होता आणि पंप रडत होता.

"जरा बसा, मामू." नीलम्माची लेक दामिनी आंबिलीचा पेला घेऊन आली. लातूरला क्लासला होती, सणाला घरी आलेली. आईचं ऐकून तीही मामूच म्हणायची.

पेल्यात वर फेस होता. दस्तगीरनं तो पाहिला, उठून तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि तिला बोलावलं. आतही तसाच फेस.

"हवा हाय. पण शिरली कुठून? भोक असतं तर तेल सांडलं असतं. थेंब न्हाई सांडला."

दामिनीनं थोडा विचार केला. "आमच्या क्लासखाली उसाच्या रसाचं दुकान हाय. चिरलेली नळी आली की रस सांडत न्हाई, मामू. तोंडात नुसती हवा येते."

दस्तगीरनं टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपाकडे पाहिलं.

"कारण आपण वढत असतोय," तो हळूच म्हणाला. "आत."

पंप टाकीतलं तेल ओढतो. त्या वाटेवर चीर असेल तर तेल बाहेर येत नाही, बाहेरची हवाच आत जाते. आणि चाळीस वर्षं तो फक्त खाली बघत आला होता.

चीर ग्रीसनं बुजली तर हवा थांबेल, म्हणून त्यानं ग्रीसचा डबा घेतला. "दाबाच्या पाइपाला चालू इंजिनात हात लावायचा न्हाई, बेटा. ही वढायची वाट, हिला चालतंय." पहिल्या सांध्यावर ग्रीस थापलं. पंप रडतच होता. दुसऱ्यावर थापलं. टाकीखालच्या तिसऱ्या सांध्यावर बोट फिरलं आणि पंप गप्प झाला, पाळण्यातलं मूल गप्प व्हावं तसा.

इंजिन बंद करून त्यानं सांधा उकलला. जुन्या तोटीवर गंजाचा ओरखडा होता, केसाएवढा. "जोडला मीच," तो म्हणाला. "तवा पुसून बघितलं असतं तर."

तोटी घासून नवा पाइप बसवला. मग त्यानं सगळ्यांना जेवायला बसवलं. फेस विरायला वेळ लागतो, घाई चालत नाही. भज्जी-भाकरी होईतो तेल मधासारखं स्वच्छ झालं होतं. उरलीसुरली हवा त्यानं चाकं या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून काढली. काटा स्थिर झाला.

"येळवशीला औत धरत न्हाईत," सिद्धेश्वरनं आठवण करून दिली.

"फाळ वरच राहील, भाऊजी," नीलम्मा म्हणाली. "अन् मी तर चाकाला हातबी लावणार न्हाई."

ती वर बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. ट्रॅक्टर निघाला. तिच्यासमोरचं स्टिअरिंगचं चाक कुणी अदृश्य माणसानं धरावं तसं बोटभर इकडं, बोटभर तिकडं हलत होतं. ढेकळावर टायर चढला, किंचित ढळला आणि पुन्हा आपल्या रेषेवर आला. दस्तगीरनं वर पाहिलं. भर दुपारचं रिकामं निळं आभाळ. तिथून कुणीतरी वाट सांगत होतं, आणि करंगळीएवढ्या पाइपातलं तेल ती मोडू न देता चाकापर्यंत पोचवत होतं.

ट्रॅक्टर बांधाला पोचला. सिद्धेश्वरनं एक टोक दामिनीच्या हाती देऊन चाकोरीच्या कडेनं दोरी ताणली. दोरीला डोळा लावून बराच वेळ तो वाकून राहिला. मग दोरी गुंडाळत नीलम्माजवळ आला.

"परवा सरी धरा, वैनी. रान तुमचंच, ही दोरी घरीच ठिवतो."

नीलम्मानं उजव्या हातानं डावा हात उचलला आणि चाकावर नुसता टेकवून ठेवला.