संशयाचा तास

सत्यशीला मॅडमनी खडू टेबलावर ठेवला, दारापर्यंत गेल्या आणि बाहेर मोटरसायकलवर बसलेल्या माणसाला हाक मारली.

“अहो, आत या की. पंखा तरी आहे इथं.”

लिंबाची सावली केव्हाच सरकली होती आणि कृष्णा भर उन्हात बसला होता. त्याची वाळूजच्या कंपनीत दुपारपाळी असायची. त्याआधी तो बायकोला, मोनिकाला, कॉलेजात सोडायचा आणि तास सुटेपर्यंत तिथंच थांबायचा. स्टाफरूममध्ये आधी त्याचं फार कौतुक झालं. नवरा असावा तर असा, वगैरे. मग हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं की त्याची नजर वर्गाच्या दारावरून हलत नाही. मॅडमच्याही ध्यानात आलं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. तत्त्वज्ञान शिकवून शिकवून त्या थकल्या होत्या. पुढच्या वर्षी हा विषयच बंद होणार होता. हजेरीपटावर नावं बरीच असली तरी वर्गात यायची ती एकटी मोनिका. तिला बी.ए. करून बी.एड.ला जायचं होतं. एवढी एक पोर मार्गी लागली की आपण सुटलो, असं मॅडमनी मनाशी धरलं होतं.

आज त्यांनी कृष्णाला बोलावलं ते ऊन बघवेना म्हणून. वर्गाची संख्या दुप्पट होईल हा मास्तरकीचा लोभही थोडा होताच.

कृष्णा येऊन शेवटच्या बाकावर बसला, हेल्मेट मांडीवर घेऊन. मोनिकानं मागं वळून पाहिलं नाही. तिनं ओढणी तेवढी सारखी केली.

“तर हा सतराव्या शतकातला फ्रेंच विचारवंत,” मॅडमनी धागा उचलला. “लहानपणापासून आपण जे जे खरं मानत आलो, ते तपासून बघायचं त्यानं ठरवलं. डोळ्यांवर भरवसा ठेवावा, तर दौलताबादचा मिनार लांबून बोटाएवढा दिसतो. मी जागा आहे म्हणावं, तर स्वप्नातही आपल्याला तसंच वाटत असतं. जिथं फसगत होण्याची नुसती शक्यता आहे, ते सगळं त्यानं बाजूला काढलं. एकेका गोष्टीवर संशय घेत गेला.”

बोलता बोलता त्यांचं लक्ष कृष्णाकडं गेलं. तो फळ्याकडं बघत होता. फळ्यावर त्यांच्याच ठसठशीत अक्षरात ‘संशय’ लिहिलेलं होतं आणि त्याखाली दोन रेघा होत्या.

पुस्तकात ‘संशयपद्धती’ असाच शब्द होता. इतकी वर्षं त्या तो बिनदिक्कत फळ्यावर लिहीत आल्या होत्या. खरं तर त्या मूळच्या पाचोड गावच्या. गावाकडं शंका विचारतात आणि संशय घेतात, आणि तो नवरा बायकोवर घेतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पण पुस्तकी सवय वाईट.

“म्हणजे शंका म्हणू या आपण,” त्या घाईनं म्हणाल्या.

“मंग शेवटाला काय उरलं त्याच्यापाशी?” कृष्णानं विचारलं. आवाज शांत होता.

“तो स्वतः उरला. संशय घेणारा. त्याला तेवढीच खात्री वाटली.”

“आन घरचे लोक?”

“तूर्त कुणीच नाही.”

कृष्णानं मान हलवली आणि उठला. “चल,” तो मोनिकाला म्हणाला. तास संपायला वेळ होता. मोनिकानं पिशवी भरली. दारातून बाहेर पडताना तिनं मॅडमकडं एकदाच बघितलं.

त्यानंतर मोनिका आली नाही. मॅडमनी फोन लावला, तो बंद लागला. घरी जाऊन बघावं असं दोनदा मनात आलं, पण चांगलं करायला जावं आणि भलतंच व्हावं, हे नुकतंच घडून गेलं होतं. त्या रोज यायच्या, वर्ग उघडायच्या, पंख्याखाली बसायच्या आणि कुलूप लावून परत जायच्या. परीक्षा जवळ येत चालली होती.

मग एका सकाळी कृष्णाच आला, एकटा. दाढी वाढलेली. पहिल्या बाकावर बसला.

“मोनिका कुठंय?”

“पिशोरला. माहेरी निघून गेली.” तो पुढं झुकला. “खरं सांगा मॅडम. तिनं माझ्याबद्दल तुमाला सांगितलं व्हतं ना?”

“एक शब्दही नाही.”

“मंग तो शब्द फळ्यावर कसा आला?”

“पुस्तकात आहे. मी दरवर्षी लिहिते.”

“ती बी हेच म्हणली. दोघींचं उत्तर एकच हाय.”

मॅडमनी पुस्तक उघडून पान त्याच्यासमोर धरलं. त्यानं ओळीवर बोट ठेवून वाचलं, सावकाश.

“हाय, पुस्तकात हाय,” तो म्हणाला. “पण मी रोज बाहेर बसायचो. नेमकं त्याच दिवशी तुमी मला आत बोलावलं.”

मॅडमना राग आला आणि लगेच विरूनही गेला. भांडायचं तरी कुणाशी? या माणसापुढं पुराव्याचा डोंगर रचला असता, तरी त्यानं त्यातला एक दगड हलवून बघितलाच असता. त्यांनी पुस्तक मिटलं.

“त्या माणसाचं पुढं काय झालं?” कृष्णानं विचारलं. “मिळालं का घरदार माघारी?”

“मिळालं. देव आपल्याला फसवणार नाही, असं त्यानं मानलं. मग एकेक करून सगळं परत आलं.”

“नाय फसवणार, कशावरून?”

“तिथंच लोक त्याला अजून अडवतात.”

कृष्णानं दोन्ही हातांनी तोंड चोळलं. “मला नाय जमत मॅडम. रातच्याला ठरवतो, आता बास. सकाळी गाडीला किक मारली की पुन्हा सुरू. ती लई चांगली हाय, हे मला म्हाईत हाय. तरी बी.” त्यानं खिशातून मोबाईल काढला. “तिच्या आईचा नंबर देतो. माझा आवाज ऐकला की कट करत्यात. तुमी लावा. पेपरला येती का, एवढंच विचारा. मी हाय म्हणू नका.”

मॅडमनी नंबर लावला. त्याच्या डोळ्यांतली विनवणी बघून त्यांनी स्पीकरही सुरू केला. फोन मोनिकानंच उचलला.

“मी बोलतेय, मोनिका. सत्यशीला मॅडम.”

पलीकडं बकरं ओरडल्याचा आवाज आला. मग मोनिका म्हणाली, “मॅडम, हा नंबर तुम्हाला कुणी दिला?”

कृष्णानं नको म्हणून जोरजोरात मान हलवली. मॅडम त्याच्याकडं बघत राहिल्या. खोटं बोलायला क्षणभराचंच काम होतं, आणि पोरीच्या भल्यासाठी ते खपूनही गेलं असतं.

“कृष्णानं दिला. तो इथं माझ्यासमोर बसलाय.”

कृष्णानं मान खाली घातली.

“त्या दिवशी तुम्ही त्यांना वर्गात का बोलावलं?”

“ऊन होतं गं. दुसरं काही नाही.”

“मुद्दाम नव्हतं?”

“नव्हतं.”

“त्यांनी सांगितलं म्हणून नव्हतं?”

“नाही मोनिका, कसं सांगू तुला,” मॅडम म्हणाल्या, आणि पुढं काय सांगावं ते त्यांना खरोखरच कळेना. ऊन होतं, याला साक्ष कुणाची काढायची? साक्षीदार होता तो समोर खाली मान घालून बसला होता.

“पेपरला येणार आहे मी,” मोनिका म्हणाली. “अभ्यास चालूय इथं.”

मॅडमचा जीव भांड्यात पडला. कृष्णानंही मान वर केली.

“ये बाई, नक्की ये. पिशोरहून कोणत्या गाडीनं निघशील? मी स्टँडवर घ्यायला येते. पेपर संपेपर्यंत माझ्याकडंच राहा.”

फोन कट झाला की काय म्हणून मॅडमनी स्क्रीनकडं बघितलं. चालू होता.

“मॅडम, मी येईन,” मोनिका अखेर म्हणाली. तिचा आवाज शांत होता. “गाडीचं तेवढं विचारू नका.”