उजवा कौल

मल्हारच्या मेंदूतली गाठ गेल्या वर्षी मिरजेत काढली, नंतर रेडिएशन आणि केमोही झाली. आता त्याच जागी पुन्हा डाग दिसत होता. डॉ. क्षमा यांनी त्याच्या बायकोला, पल्लवीला, समोर बसवलं.

"रेडिएशननं मेलेलं मांस असेल तर औषधांवर निभावेल. पण गाठ परत वाढत असेल, तर ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते. एमआरआय करताना शिरेत औषध सोडू, म्हणजे डागात रक्त किती खेळतंय ते कळेल. जास्त असेल तर चित्रात तांबडं दिसेल."

"आन् तांबडं दिसलं तर?"

"तिथे पुन्हा ऑपरेशन करता येणार नाही. उपायही फारसे उरणार नाहीत."

पल्लवीनं माणमधल्या दहिवडीजवळच्या गावी सासूला, धोंडुबाईला, फोन लावला. "आत्या, बिरोबाला कौल लावा. डागातलं मांस मेलेलं हाय का, इचारा."

देवाला फूल चिकटवून प्रश्न विचारायचा. ते उजवीकडे पडलं तर होकार. "मेलेलं?" धोंडुबाईनं विचारलं. मग "बरं" म्हणाली.

केमोनं मल्हारच्या शिरा कडक झाल्या होत्या. नर्सची सुई तीनदा चुकली.

"सिस्टर, मेंढराची शीर घावंना तर आमी आदी लोकर कातरतो," तो म्हणाला. "माझी बी कातरा."

तो मशीनमध्ये असतानाच बाहेर पल्लवीचा फोन वाजला.

"उजवा दिला गं!" धोंडुबाई रडत होती. "पटकन पडलं फूल."

मल्हार बाहेर येताच पल्लवीनं त्याला कौल सांगितला. तो हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिनं बिस्किटाचा पुडा फोडला.

तेवढ्यात डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. पडद्यावर मेंदूचं निळं चित्र होतं आणि डागाच्या जागी तांबडा ठिपका. तो तिला कुणी दाखवायची गरज नव्हती.

"पर देवानं उजवा दिलाय," ती म्हणाली.

पल्लवीनं पॅसेजमध्ये येऊन पुन्हा फोन लावला.

"आत्या, तुमी देवाला इचारलं काय?"

"मेलेलं कसं म्हनू गं? लेकाच्या डोस्क्यातलं, त्ये बी देवाच्या दारात? जितं हाय का, आसं इचारलं." मग घाईनं, "का गं? खरं ठरलं न्हवं?"

"व्हय आत्या. खरं ठरलं."

पलीकडे बाकावर मल्हार नर्सपुढे हात धरून बसला होता.

"काढा की सुई आता," तो म्हणत होता. "दहिवडीची यष्टी चुकंल."