मी मिळाले नाही, भेटले

मी एक जुनी इस्त्री आहे. पितळेची, कोळशाची, लाकडी मुठीची. कुणी मला इस्तरी म्हणतं, कुणी प्रेस म्हणतं. म्हणा, माझं काही बिघडत नाही. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवते, मी शाळेत गेलेली नाही. शाळेचे गणवेश मात्र ढिगांनी माझ्या पोटाखालून गेले आहेत. तेव्हा माझ्या बोलण्यात कुठे चुकलं तर हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं आणि मग कान देऊन ऐकावं. मधेच हसलेलं मला खपत नाही. ‘मित्रांनो’ म्हणताना त्या ‘त्रां’च्या डोक्यावर टिंब द्यावं की नाही, यावरही भांडणारी शहाणी माणसं आहेत म्हणे. मी देते. सदऱ्याला बटण हवंच.

मला एका ओतकाम करणाऱ्या कारागिराने घडवलं. वितळलेलं पितळ साच्यात ओतताना तो श्वासही जपून घ्यायचा. साच्यातून काढल्यावर त्याने मला कानशीने घासलं आणि माझा तळ इतका चकचकीत केला, की त्यात बघून स्वतःची मिशी सारखी केली. मग धूर जायला कडेने भोकं पाडली, झाकणाला कडी लावली, वर मूठ बसवली. हातात तोलून म्हणाला, “बाई जड आहे. हिच्यापुढे कुणी वाकडं राहायचं नाही.” ते माझं पहिलं कौतुक. त्याचा शब्द मी खाली पडू दिला नाही.

आधी मी एका शिंप्याकडे होते. माणूस वाईट नव्हता, पण काम संपलं की मी कुठे आहे याची त्याला आठवण नसायची. गिऱ्हाइकांना सांगायचा, “ओळखीत मिळाली, स्वस्तात.” पुढे विजेची इस्त्री आली. हलकी, गुलाबी मुठीची, मागे शेपूट असलेली. शिंप्याने मला भंगारात दिलं. तो भंगारवाला बायकोला काय म्हणाला असेल? “आज पितळ मिळालं.” इस्त्रीसुद्धा म्हणाला नाही मेला. पितळ!

फुटक्या बादल्या आणि सायकलींची चाकं यांच्यात मी काळी पडत होते, तेव्हा मावशी आली. सगळे तिला मावशीच म्हणतात. आली होती बादली शोधायला. पण तिचा हात माझ्या मुठीवर पडला आणि तिथेच राहिला. तिने मला बाहीने पुसलं. “अगं बाई, तू इथे कशी?” म्हणाली. जशी काही आमची जुनी ओळख! मग भंगारवाल्याला म्हणाली, “ही मला भेटली. हिला घेऊन चालले मी.”

“भेटली नाही हो, मिळाली,” भंगारवाला हसत म्हणाला. “वस्तू मिळते. माणूस भेटतो.”

“मग नीट बघा,” मावशी म्हणाली. “नाक तुमच्यापेक्षा सरळ आहे हिचं.”

भंगारवाल्याचं बरोबर होतं, मित्रांनो. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. आणि मी वस्तूच आहे, ते मी नाकारत नाही. पण त्या दिवसापर्यंत मी सगळ्यांना नुसती मिळत आले होते. भेटले कुणालाच नव्हते.

मावशीचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. एक टेबल, त्यावर जाड कांबळं, त्यावर चादर. बाजूला कोळशाची टोपली आणि झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली. मावशीला नवरा नव्हता, एक लेक होती. टेबलाखाली बसून ती अभ्यास करायची आणि वर आम्ही दोघी कामाला असायचो. माझ्या पोटात निखारे आणि मावशीच्या तोंडात शब्द, दोन्ही दिवसभर विझायचे नाहीत. कपड्यांशी बोलायची, गिऱ्हाइकांशी बोलायची, कुणी नसलं की माझ्याशी. “मी त्याला बोलले, बाबा रे, इतकी माती लावून आणलीस, विहिरीत उतरला होतास का?” आता, ‘त्याला बोलले’ नव्हे, ‘त्याला म्हणाले’, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण ऐकायला कान आतुर असले की शब्दांच्या सुरकुत्या मोजायला वेळ नसतो.

दुकानाची पाटी रंगवायला रंगारी आला. त्याने विचारलं, “काय लिहू?” मावशीने सांगितलं. त्याने मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं: ‘कपडे इस्त्री करून भेटतील.’

आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं दुखणं सुरू झालं. हे काका छापखान्यात होते. छापायच्या आधी मजकुरातल्या चुका शोधायच्या, हेच त्यांचं जन्मभराचं काम. चूक दिसली की उजवा हात आपोआप उठून हवेत खूण करायचा. जिना उतरताना रोज त्यांची नजर पाटीवर जायची आणि चेहरा असा व्हायचा, जसा काही बुटात खडा गेलाय.

“मावशी, कपडे काय चौकात भेटणार आहेत आम्हाला? मिळतील लिहा, मिळतील!”

“काका, तुमचा पांढरा शर्ट मला दर आठवड्याला भेटतो. कॉलर बघितली की ओळखते, आला म्हणून. तुम्ही त्याला ओळखता का सांगा.”

“तो माझा शर्ट आहे!”

“म्हणजे तुम्हाला नुसता मिळालाय.”

काका हसत, हात जोडत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला काकांचा राग कधी आला नाही. चूक मलाही सहन होत नाही. एका विजारीला दोन घड्या पाडून आणलेल्या दिसल्या की माझे निखारे फुलतात. काका जे बोलायचे ते समोर येऊन, नाव घेऊन, उलट ऐकून घ्यायच्या तयारीने बोलायचे. असा माणूस हजार चुका काढो, त्याला दुकानात बसायला स्टूल आहे.

राग मला दुसऱ्यांचा येतो. ऐका.

मावशीची लेक मोठी झाली, शिकली. बसस्थानकावर घोषणा करायच्या नोकरीसाठी तिने अर्ज केला. आवाज तर असा, की बस नसतानाही माणसं रांग लावतील. मुलाखतीच्या दिवशी तिचा निळा कुर्ता मीच सरळ केला. दुपारी ती परत आली ती चप्पल न काढता थेट टेबलाशी.

“काय झालं गं?” मावशीने विचारलं.

“मला एक घोषणा करून दाखवा म्हणाले. मी म्हटलं, प्रवाशांना तिकीट खिडकीवर भेटेल.” लेकीचा आवाज फाटला. “समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. एक जण म्हणाला, तिकिटाला आमचाही नमस्कार सांगा. पुढचं काही विचारलंच नाही, आई. माझे मार्कही बघितले नाहीत.”

मावशीने मला बाजूला उभं केलं. लेकीला जवळ घेणार, तेवढ्यात लेकीची नजर वर पाटीकडे गेली. लाल अक्षरं. भेटतील.

“हे तूच घातलंस माझ्या तोंडात,” ती म्हणाली. “जन्मल्यापासून हेच ऐकलं मी. तू बोलू नकोस आई. निदान लोकांसमोर तरी बोलू नकोस.” आणि स्टुलावर चढून तिने पाटी उतरवली, भिंतीकडे तोंड करून ठेवली.

मावशी ताठ उभी राहिली. “बरं,” म्हणाली. “आता चूक व्हायची नाही.”

आणि तोंड मिटलं. रागाच्या भरात चार दिवस गप्प बसणारी माणसं असतात, ही तशी नव्हती. हिने बोलणंच घडी करून ठेवून दिलं. गिऱ्हाइकाला मान हलवायची, लेकीला हाताने खूण करायची. काका आले, “मावशी, पाटी कुठे गेली?” म्हणाले, तर मावशीने नुसती शर्टाची घडी त्यांच्या हातात ठेवली. काका स्टुलावर बसले, बसले आणि उठून गेले. लेकीने ताट वाढून समोर ठेवलं तर मावशी जेवायची, पण मीठ कमी आहे असंही म्हणायची नाही. मी तापत होते, कपडे सरळ होत होते आणि जिन्याखाली स्मशानशांतता. मुलाखतीतले ते दोघं हसून घरी गेले असतील, जेवले असतील, विसरलेही असतील. इथे एका बाईची जीभ जळून गेली होती.

लेक काही दगड नव्हती. तिला चुकल्यासारखं झालं, पण काय बोलावं कळेना, म्हणून तिने वस्तू आणली. विजेची इस्त्री. “धुराने तुला खोकला होतो,” म्हणाली. “ही जुनी देऊन टाकू का?” मावशीने माझ्याकडे बघितलं. नाही म्हणायचं तर तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड न उघडण्याची तिला जिद्द. मित्रांनो, त्या जिद्दीपायी मी गेले. पुन्हा त्याच भंगारवाल्याकडे, त्याच चाकांमध्ये. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मला त्याने ओळखलं नाही.

फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी लेक धावत भंगाराच्या दुकानात शिरली, मागे धापा टाकत काका.

“नवी इस्त्री हातात धरून नुसती उभी आहे हो काका,” ती ढिगारा उपसत म्हणत होती. “वायरही लावलेली नाही. कपडे पडून आहेत. भिंतीकडे बघत उभी आहे, जिथे पाटी होती तिथे.”

“शोध, शोध,” काका म्हणाले आणि स्वतः एका बादलीत डोकावले. मी बादलीत मावते का? पण असो, जीव तुटत होता बिचाऱ्यांचा.

मग तिचा हात माझ्या मुठीवर पडला. तिने मला उचललं, बाहीने पुसलं, दुसऱ्या हाताने फोन लावला आणि ओरडली, “आई, भेटली! भेटली गं आई!”

भंगारवाला गालातल्या गालात हसला. “मिळाली म्हणा ताई. फार वर्षांपूर्वी एक बाई पण अशीच बोलली होती मला.”

घ्या! ह्याला मिळणं-भेटणं येत होतं, पण म्हणणं आणि बोलणं यांत बुडाला. काकांचा उजवा हात हवेत उठला आणि तसाच खिशात गेला.

लेकीने काकांकडे बघितलं. “चुकलं ना माझं?”

“चूक ती चूकच,” काका म्हणाले. “पण मी आज सुट्टीवर आहे.”

लेकीने फोन आमच्या मधे धरला. आम्ही तिघंही कान लावून. मग मावशीचा आवाज आला, गंजलेला, खरखरीत.

“नाक ठीक आहे ना तिचं?”

लेक तिथेच, भंगारात बसून रडली.

आता मी परत टेबलावर आहे. विजेची इस्त्रीही आहे, ती रेशमी कपड्यांना चालते. तिच्याशी माझं भांडण नाही. लेक पुन्हा मुलाखतीला जायची आहे. तिथे ती ‘तिकीट मिळेल’ म्हणणार आहे, रोज घोकते, आणि घरात जे यायचं ते येऊ देते. काकांनी नवी पाटी स्वतः लिहायला घेतली. ‘कपडे इस्त्री करून मिळतील’ इथपर्यंत लिहून त्यांनी विजयी मुद्रेने मागे बघितलं.

“थांबलात कशाला?” मावशी म्हणाली. “पुढे लिहा, मावशी भेटेल.”

काकांना त्यात एकही चूक सापडली नाही. फार शोधली त्यांनी.

मित्रांनो, सुरकुती दिसली तर जरूर सांगा. मी इस्त्री आहे, सुरकुत्यांची बाजू घेणार नाही. पण आधी कापड ओळखा. सुताला जो ताव सोसतो त्याने रेशीम जळतं, म्हणून मधे ओलं फडकं ठेवावं लागतं. कापडाची किंमत सुरकुतीवरून करणाऱ्यांचं मात्र मी काही ऐकून घेणार नाही, मग ते कितीही मोठ्या खुर्चीवर बसलेले असोत.

कधी आमच्या जिन्याखाली आलात तर मी तुम्हाला मिळणार नाही. मागू नका, विकायला नाही.

भेटेन.