शेवटचा बोया

आमचे बाबा आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, आणि हे मी कौतुकानं सांगत नाहीये. अशा माणसासोबत राहून बघा, म्हणजे कळेल. आईच्या तेरवीला पाहुणे म्हणाले, स्वयंपाक छान झाला. हे म्हणाले, वरण खारट होतं.

त्या तेरवीसाठी मी पुण्याहून भिलाईला आलो, पंधरा दिवसांची सुट्टी टाकून. त्याला आता चार वर्षं झाली. बायको ऐश्वर्या आणि मुलगी समृद्धी पुण्यातच आहेत. मी इथे स्मृती नगरच्या घरात बाबांसोबत राहतो आणि रोज मोटारसायकलनं कुम्हारीच्या एका डब्यांच्या कारखान्यात सुपरवायझरी करायला जातो. दिवाळीत पुण्याला गेलो की समृद्धी पहिल्याच दिवशी विचारते, "बाबा, तुम्ही परत कधी जाणार?" पाहुण्याला विचारतात तसं.

बाबा दोनदा बाथरूममध्ये पडले, त्यामुळे त्यांना एकटं सोडता येत नाही. आणि ते पुण्याला येत नाहीत. कधी तिथलं पाणी मानवत नाही, कधी जिने चढवत नाहीत. गेल्या दसऱ्याला माझं डोकं फिरलं. नाही नाही ते बोललो. शेवटी बाबा म्हणाले, "एवढी एक शील्ड घरी येऊ दे. मंग मी चाललो तुह्यासंगं."

ही शील्ड म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या शिडाच्या बोटींची. दर फेब्रुवारीत टाऊनशिपच्या तळ्यावर आमचा स्मृती नगर क्लब आणि शेजारच्या हुडको वसाहतीचा क्लब भिडतात. बहुतेक स्टील प्लांटमधून नाहीतर रेल्वेतून रिटायर झालेले. बोट गुडघ्याएवढी, पण शीड खरं आणि वाराही खरा. रिमोटनं फक्त शीड आणि सुकाणू हलतं. वारा पडला की बोट तळ्याच्या मध्यात बसून राहते आणि आपण काठावर बटणं दाबत राहतो. मला हा खेळ लगेच समजला.

पंच नाही. ज्याला पंच करावं तो कुणाचा तरी जुना साहेब निघायचा आणि भांडणं व्हायची. म्हणून बाबांनीच बारा वर्षांपूर्वी नियम लिहिला. बोट बोयाला, म्हणजे वळणाची खूण म्हणून पाण्यात तरंगणाऱ्या पिंपाला लागली, तर चालवणाऱ्यानं स्वतः ओरडून सांगायचं आणि बोटीला जागेवर एक पूर्ण चक्कर मारायला लावायची. त्याला दिसलं नाही आणि त्याच्याच क्लबचा माणूस म्हणाला लागली, तर लागली. पुढे वाद नाही. आपल्याच बोटीविरुद्ध कोण कशाला ओरडेल!

यंदा आमच्या क्लबची बोट मी चालवायची ठरलं. चार महिने मी रोज पहाटे ड्यूटीआधी तळ्यावर गेलो. बाबा थर्मासमध्ये चहा घेऊन सोबत यायचे. "अजून हात बसला नाई तुहा," म्हणायचे. बोट त्यांनीच बांधलेली, नाव आईचं, 'वसुंधरा'. इतकी मेहनत मी नोकरीतही कधी केली नाही. ऐश्वर्याला सांगून टाकलं होतं, जूनमध्ये समृद्धीला शाळेत सोडायला मी येणार.

स्पर्धेच्या रविवारी पाचपैकी चार फेऱ्या झाल्या, दोन-दोन अशी बरोबरी. पाचव्या फेरीत हुडकोकडून देवीदास काका उतरले. रेल्वेत गार्ड होते, हात अगदी स्थिर. तरी शेवटच्या बोयापर्यंत मी दोन बोटींच्या लांबीइतका पुढे होतो. बोया आणि 'वसुंधरा' यांच्यामध्ये वीतभर पाणी होतं. मी डोळ्यांनी पाहिलं. बोट वळली, आता सरळ रेघ होती आणि वारा पाठीवर होता.

"लागली!"

आवाज बाबांचा होता.

देवीदास काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बाबारावजी, नाई लागली. मी समोरच उभा होतो ना. एवढी जागा होती."

"माह्या क्लबची बोट हाये. मी म्हनतो लागली."

मी बाबांकडे पाहिलं. ते तळ्याकडे बघत होते. काठीच्या मुठीवरचा अंगठा नुसता घासत होते. कॉपी करताना धरलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा. तेव्हा मला सगळं कळलं. चार महिने ते रोज चहा घेऊन आले, कारण मी जिंकेन असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

मला त्यांचा गळा धरावासा वाटला, खरंच सांगतो. भांडताही आलं असतं. देवीदास काका माझ्या बाजूनं बोलले असते. फक्त त्या माणसाला, तिथे, त्याच्या सगळ्या लोकांसमोर, खोटं ठरवावं लागलं असतं.

मी सुकाणू फिरवलं. 'वसुंधरा'नं चक्कर घेतली, शिडातला वारा गेला आणि देवीदास काकांची बोट शेजारून निघून गेली. शील्ड घेताना ते चुकून दुसऱ्याचा डबा हातात आल्यासारखे उभे होते.

घरी येताना बाबा मागे बसले होते, मांडीवर बोट घेऊन.

"सुशील, राग आला का तुले?"

"नाई."

"पुढच्या साली नक्की आपलीच."

मी गाडी चालवत राहिलो. बोललो असतो तर थांबलो नसतो.

घरात पाऊल टाकलं आणि फोन वाजला. स्क्रीनवर ऐश्वर्या, आणि तिला ढकलत समृद्धी.

"जिंकलो का आपण?"

"नाही गं. शेवटच्या बोयाला लागली."

ऐश्वर्या माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं हळू विचारलं, "नक्की लागली? तू पाहिलंस?"

बाबा दारातच थांबले होते. बोट अजून त्यांच्या हातात होती.

"हो," मी म्हणालो, "माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

बाबा आत गेले आणि त्यांनी बोट खुंटीला लावली.