निरोप बाहेर पडलाच नाही

आकडा इतका चांगला आला की विजयश्रीला तो खराच वाटेना. महाळुंग्याच्या गाडी कंपनीत, गाड्या खऱ्या आपटण्याआधी संगणकावर आपटून बघायला, अनेक मशीन जोडून केलेला एक महासंगणक होता. त्याचं नवं नेटवर्क दानिशने बसवलं होतं, आणि ते तपासून घ्यायचं काम विजयश्रीकडे होतं. चाचणी साधी: एका मशीनने दुसऱ्याला निरोप पाठवायचा, दुसऱ्याने तो परतवायचा, आणि वेळ दोन मायक्रोसेकंदांच्या आत हवा. दानिशचा आकडा अर्ध्या मायक्रोसेकंदाच्याही खाली.

दानिश तिच्याच हाताखाली शिकलेला. आता नेटवर्क विकणाऱ्या कंपनीत गेला होता, आणि आठवडाभर कुणाला कीबोर्डला हात लावू देत नव्हता. "ताई, तुम्ही बसा, मी करतो." एवढी सेवा कशाला? तिला त्यात काळंबेरं दिसू लागलं. पोरगा आपला राहिला नाही, असं तिने ठरवूनच टाकलं आणि आपल्या वरिष्ठांच्या, गव्हाणे साहेबांच्या कानावरही घातलं.

साहेब आले. दानिशने चाचणी पुन्हा चालू केली. विजयश्री उठली, कपाटामागे गेली आणि दोन मशीनमधली केबल सरळ उपटली.

पडद्यावर आकडे येतच राहिले. तेच.

"बघा साहेब," ती म्हणाली. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण बरंच वाटलं.

दानिशला घाम फुटला. त्याने घाईघाईने काहीतरी तपासलं आणि कपाळावर हात मारला. "दोन्ही प्रोग्रॅम एकाच मशीनवर चाललेत, ताई! पहिलं मशीन भरल्याशिवाय दुसऱ्यावर जायचं नाही, ही मूळ सेटिंग. मी बदललीच नाही. बरं झालं, तुम्ही केबल काढलीत."

एकाच टेबलावर चिठ्ठी सरकवून तिला टपाल म्हणावं, तसलाच प्रकार. त्याने सेटिंग बदलली, केबल लावली. या वेळी दीडच्या थोडं वर. तरीही मर्यादेच्या आतच. म्हणजे लबाडीची त्याला गरजच नव्हती. विजयश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पास आहे, साहेब. साधी चूक होती," ती म्हणाली.

"असू दे. पण यापुढे ह्याला एकट्याला आत सोडायचं नाही. आपला माणूस शेजारी बसवा."

"त्याची काही गरज नाही, साहेब."

"अहो, सकाळी तुम्हीच म्हणालात ना, पोरगा आकडे बनवतोय, नजर ठेवा म्हणून?"

दानिशने वळून तिच्याकडे पाहिलं. ताईंनी केबल आपल्याला चूक दाखवायला काढली, असंच तो तोवर समजत होता.