शिवण शिकायला आलेली बाई

मदतनीस बाईने दोऱ्याचं टोक चौथ्यांदा ओठांत धरून ओलं केलं आणि एक डोळा मिटून सुईवर नेम धरला. या खेपेला दोरा गेला. तिने मोठ्या दिमाखात वर पाहिलं. समोरच्या खुर्चीत आई हाताची घडी घालून बसली होती. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

स्वयंपाकघराच्या दारात मुलगी फडक्याला हात पुसत उभी होती. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"धावदोरा घाल," आई म्हणाली.

बाईने कापडाच्या दोन तुकड्यांवरून धावदोरा घातला. तो धावला खरा, पण पत्ता हरवलेल्या माणसासारखा.

"मुंग्या बऱ्या," आई म्हणाली. "त्या निदान एकामागून एक चालतात."

मुलीने मनात मोजलं. ही तिसरी. पहिली बाई सकाळी आली ती दुपारच्या चहाआधीच परत गेली. दुसरीच्या चपला आईने खिडकीतून खाली टाकल्या आणि पाठोपाठ तिची छत्रीही. नऊ दिवस आईने अंगाला पाणी लागू दिलं नव्हतं. तिला एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोनदा गॅस नुसताच चालू राहिल्यावर ते कुणी सांगायलाही नको होतं. आणि उद्यापासून मुलीची रजा संपत होती. मोठ्या भावाने म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत खाट बघून ठेवली होती, संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. "तुझ्याच्याने होत नाही, मान्य कर ना," तो फोनवर म्हणाला होता. चांगल्या मनाने म्हणाला होता, हाच त्रास होता.

शिवण शिकायला बाई आलीय, ही युक्ती मुलीचीच. आईने तीस वर्षं याच खोलीत शिवणाचे वर्ग घेतले होते. परकी बाई सांभाळायला आलेली तिला खपणार नाही, पण शिष्येला ती घरात घेईल आणि मग हळूहळू सवय होईल, असा बेत. त्यासाठी मुलीने नवं कापड आणलं, बोथट टोकाची कात्री आणली, तिन्ही बायकांकडून उत्तरं घोकून घेतली.

"आधी कुठवर शिकलीयस?" आईने विचारलं.

"काज-बटण येतं. आता मुंढा शिकायचाय," बाईने एका दमात सांगितलं.

"मुंढा कुठे असतो?"

बाईने मुलीकडे पाहिलं. मुलीने खाज आल्याचं निमित्त करून खांद्याखाली, बाही जोडतात तिथे बोट फिरवलं. बाईने बिचारीने स्वतःची मान दाखवली.

आई उठली. झाकून ठेवलेल्या मशीनपर्यंत गेली, झाकणाला हात न लावता परत आली. गेल्या खेपेला यानंतरच चपला गेल्या होत्या. मुलगी पुढे सरसावली.

"अगं आई, नवीन आहे ती. येईल हळूहळू..."

"ही शिकायला आलेली नाही."

"आई, ऐक तर..."

"नाहीच आले," बाई म्हणाली आणि तिने सुई कापडात खोचून ठेवली. "खरं सांगते मावशी, मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही. आमच्याकडे बटणंसुद्धा नवरा लावतो. तुम्ही आताशा विसरता ना, म्हणून तुमच्याजवळ राहायला आलेय. आंघोळ, जेवण, औषधं बघायला. ताई कामावर जातील."

मुलीने डोळे घट्ट मिटले. बाईच्या चपला आधी उचलून ठेवाव्यात का, एवढंच तिला सुचलं.

आई सावकाश खुर्चीत बसली.

"म्हणजे मला शिकवायचं नाहीये?"

"नाही."

"मुंढा बेतून दाखवायचा नाही?"

"छे हो!"

आईने एवढा मोठा श्वास सोडला, की तिचे खांदे चांगले दोन बोटं खाली आले.

"मग आधी बोलायचं ना गं! एकीमागून एक येतायत शिकायला. आणि मला काही आठवत नाही. मशीनपुढे बसलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. त्या आपल्या टकामका बघत बसणार." तिने बाहीने डोळे पुसले. "इतकी वर्षं सगळ्यांनी बाई बाई केलं. कुठल्या तोंडाने सांगायचं?"

मुलीने टेबलावरचं कापड, कात्री, खडू, टेप, सगळं गोळा करून खणात कोंबलं आणि खण लावला. जरा जोरातच.

"पाणी कडकडीत लागतं हं मला," आई बाईला सांगत होती.

"हात घालून बघा, मग घेऊ."

"आणि डोळ्यांत साबण गेला तर तुझी खैर नाही."

दोघी हात धरून बाथरूमकडे गेल्या. नळ सुरू झाला.

मुलीने भावाला फोन लावला. "खाट नको," ती म्हणाली.

"नक्की?"

तिने फोन बंद दाराकडे धरला. आतून आई ओरडली, "अगं, सोलतेयस का बटाटा?" आणि मग दोघी हसल्या. पलीकडे भाऊ नाक ओढून "बरं" म्हणाला.

टॉवेल द्यायला ती दाराशी गेली, तेव्हा आतला आवाज एकदम खाली आला होता.

"एक ऐकशील? मी विसरते, हे माझ्या लेकीला कळू देऊ नकोस. ती उगीच जिवाला लावून घेते."

"नाही सांगत," बाई म्हणाली.

मुलीने टॉवेल कडीला अडकवला. पाऊल न वाजवता ती थेट स्वयंपाकघरापर्यंत मागे आली आणि तिथून मोठ्याने हाक मारली,

"आई, टॉवेल दाराशी आहे गं!"