मान पुढच्या वर्षी

विद्यार्थी पाठीमागे तिला हाडंबाई म्हणत. एकतीस वर्षं तिने शरीररचना शिकवली. निवृत्तीनंतरही विभागाच्या दारावर तिनेच लावलेली पाटी होती. आता कॉलेज विषय मोडायला निघालं होतं. हृदय, फुप्फुस, पोट असं अवयवागणिक शिकवायचं. रचना, रोग, औषध सगळं एकाच वेळी. म्हणजे विभाग बंद, पाटी खाली. जुनी जाणती म्हणून तिचं लेखी मत मागवलं होतं. कागदावर एकच शब्द उतरला होता : विरोध.

समोर भाची मटार सोलत होती. तिच्या कॉलेजात ही नवी तऱ्हा केव्हाच आली होती.

"सांग बघू, फ्रेनिक नर्व्ह कुठून निघते?"

"मानेतून असेल. मान आमच्याकडे पुढच्या वर्षी आहे, आत्या."

"वा! तोवर पेशंटांनी मान घरी ठेवून यायचं वाटतं."

"हस तू. पण पोटाला मार बसलेला माणूस डावा खांदा दुखतोय म्हणाला, तर मी खांदा चोळत बसणार नाही. आत रक्तस्राव असेल. पहिल्याच महिन्यात शिकवलंय."

आत्याला उमेदवारीच्या वर्षातला वॉर्ड आठवला.

शिडीवरून पडलेला एक रंगारी. खांदा ठणकतोय म्हणाला. फ्रेनिक नर्व्हचा मानेपासून पोटावरच्या पडद्यापर्यंतचा रस्ता तिला तोंडपाठ; पोटात रक्त साचलं की कळ याच वाटेने खांद्यात उमटते. त्यावर पदक मिळवलेलं. आणि तिने खांद्याला मलम चोळलं. त्याचा पांढराफटक चेहरा बघून वॉर्डातली सिस्टर म्हणाली, "डॉक्टर, खांदा राहू द्या, सर्जनना बोलवा." माणूस वाचला, पण पदकामुळे नव्हे.

आजवर कुणाला न सांगितलेलं तिने भाचीला सांगितलं. म्हणाली, "आमच्याकडे मान आली होती गं. माणूस आला नव्हता."

मग 'विरोध' खोडून तिने लिहिलं : संमती. खाली एक अट : नर्व्ह तुकडे करून वाटू नये, एका दमात, मुळापासून टोकापर्यंत, हाताने उलगडून शिकवावी.

भाचीने वाकून वाचलं. "तुझी पाटी जाईल, आत्या."

"जाईल," ती म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढून तिने भाचीच्या मानेवर बोट टेकवलं. भाचीने वहीकडे हात नेला.

"इथून निघते. वही राहू दे, हात लाव."